‘पुन्हा नाही मारणार’ : काळे यांच्या ‘मृच्छकटिका’तून दिसणारा शकार

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची मोरेश्वर रामचंद्र काळे यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९२४ साली मुंबईत प्रसिद्ध झाली आणि पुढे तिची पुनर्मुद्रणे होत राहिली. मूळ संहिता, प्राकृत संवादांची संस्कृत छाया (म्हणजे संस्कृत रूपांतर), पृथ्वीधराची टीका, शब्दशः केलेले इंग्रजी भाषांतर, सविस्तर प्रस्तावना आणि टिपा एवढे सगळे एकाच पुस्तकात मिळत असल्यामुळे संस्कृत घेऊन बी. ए. केलेल्या अनेकांच्या घरी आजही ती सापडते. मीही ती विद्यार्थिदशेत वापरली होती, पण तेव्हा परीक्षेपुरती. गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा जणांनी दर रविवारी सकाळी एकत्र बसून हे दहा अंकी नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, तेव्हा प्रत्येकाच्या हातात याच आवृत्तीची कोणती ना कोणती प्रत होती, आणि आठव्या अंकापाशी आमच्यात जो वाद सुरू झाला तो दहावा अंक संपेपर्यंत मिटला नाही. शकार हा मुळात हसवण्यासाठी आणलेला मूर्ख आहे की साहित्यातल्या पूर्णपणे वाया गेलेल्या माणसांपैकी एक आहे, असा तो वाद होता. या आवृत्तीविषयी मी जे लिहिणार आहे ते याच प्रश्नाच्या अनुषंगाने, कारण जुन्या नाटकाच्या आवृत्तीची खरी परीक्षा वाचकाला असा निवाडा स्वतः करता यावा एवढी सामग्री ती त्याच्या हाती देते की नाही, यावरच होते असे मला वाटते.

शकार म्हणजे संस्थानक, उज्जयिनीच्या पालक राजाच्या रखेलीचा भाऊ. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त शकाराचे जे लक्षण दिले आहे, ‘मदमूर्खताभिमानी दुष्कुलतैश्वर्यसंयुक्तः’, ते विद्यार्थी पाठ करतात आणि तिथेच थांबतात. मद, मूर्खपणा, अभिमान, हलके कुळ आणि हाती आलेली श्रीमंती एवढ्याचे मिश्रण केले की शकार तयार होतो, असे त्यावरून वाटते. या लक्षणातला ‘दुष्कुल’ हा शब्द मला पहिल्यापासून खटकत होता आणि नाटक संपूर्ण वाचल्यावर तो चुकीचा आहे याची खात्री पटली, कारण ज्याला समाज हलके कुळ म्हणतो त्या कुळातली माणसे या नाटकात शकाराच्या नेमकी उलट वागतात. नाटकाचा नायक, निर्धन झालेला ब्राह्मण चारुदत्त याला वधस्तंभाकडे नेणारे दोन चांडाळ दहाव्या अंकात म्हणतात की आम्ही चांडाळकुळात जन्मलो असलो तरी चांडाळ नाही. जे सज्जनाला छळतात तेच पापी आणि तेच चांडाळ. शूद्रकाने हे वाक्य त्यांच्या तोंडी घातल्यावर शकाराच्या दुष्टपणाचे खापर त्याच्या जन्मावर फोडण्याची सोय उरत नाही.

शकाराला विनोदी मानणाऱ्यांचा आधार पहिल्या अंकात आहे आणि तो आधार भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. अंधाऱ्या रस्त्यावर तो विट (त्याचा सुसंस्कृत सोबती) आणि चेट (नोकर) यांना बरोबर घेऊन, चारुदत्तावर प्रेम करणाऱ्या गणिका वसंतसेनेचा पाठलाग करतो. द्रौपदी रामाला भिऊन पळावी तशी तू का पळतेस, हनुमानाने विश्वावसूची बहीण सुभद्रा हिला पळवले तसा मी तुला पळवतो, असे तो ओरडतो. या एका श्लोकात त्याने रामायण आणि महाभारत यांची जी खिचडी केली आहे तिच्यावर आमच्याकडे सगळेच मोकळेपणी हसले. विट त्याला विचारतो की फुलांचा वास किंवा दागिन्यांचा आवाज येतो का, तेव्हा तो सांगतो की मला माळेचा वास ऐकू येतो, पण नाक अंधाराने भरल्यामुळे दागिन्यांचा आवाज नीट दिसत नाही. त्यात भर त्याच्या बोलीची. ‘स’च्या जागी ‘श’ आणि ‘र’च्या जागी ‘ल’ घालणारी ही मागधी वळणाची प्राकृत, जिला पृथ्वीधर शकारी म्हणतो, तिच्यात वसंतसेना ‘वशंतशेणा’ होते आणि चारुदत्ताचा ‘दलिद्द चालुदत्त’ होतो. इथे या आवृत्तीचा पहिला मोठा गुण दिसतो. मूळ प्राकृत ओळ आणि तिची संस्कृत छाया दोन्ही समोर असल्यामुळे वाचकाला दोन वेळा वाचता येते: एकदा अर्थासाठी आणि एकदा कानासाठी. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक शकाराची वाक्ये मोठ्याने वाचत असत आणि त्या बोबड्या ‘श’ला खोली हसत असे. शब्दशः इंग्रजी भाषांतरात हा बोबडेपणा उरत नाही, आणि जो वाचक फक्त भाषांतर वाचतो त्याला शकाराचा अर्धाच भाग मिळतो.

मात्र त्याच अंकात एक गोष्ट घडते जी हसता हसता निसटून जाते. वसंतसेना अंधाराचा फायदा घेऊन चारुदत्ताच्या घरात शिरते आणि शकाराच्या हाती चारुदत्ताची दासी रदनिका लागते. तो तिचे केस धरतो. चूक लक्षात आल्यावर विट खजील होतो आणि चारुदत्ताचा मित्र, विदूषक मैत्रेय, याच्या पाया पडून क्षमा मागतो. शकाराला मात्र विट कोणाच्या पाया का पडतो हेच कळत नाही. पहिल्या वाचनात ही त्याच्या मूर्खपणाची आणखी एक गंमत वाटते. आठवा अंक वाचून पुन्हा मागे आल्यावर कळते की शूद्रकाने आपल्याला इथेच सांगून ठेवले होते: ज्या क्षणी दुसऱ्या माणसाच्या मनात लाज उभी राहते त्या क्षणी या माणसाला काही दिसतच नाही.

आठवा अंक हा या नाटकातला निवाड्याचा अंक आहे आणि मी त्याच्यापाशी जास्त रेंगाळणार आहे. गाड्यांची अदलाबदल झाल्यामुळे वसंतसेना चुकून शकाराचा चेट स्थावरक याच्या गाडीत बसून पुष्पकरंडक उद्यानात येते. ते उद्यान शकाराचे आहे. ती येण्याआधीच शकाराने तिथल्या तळ्यावर आपले वस्त्र धुणाऱ्या एका बौद्ध भिक्षूला काही कारण नसताना मारहाण केलेली आहे. गाडीत वसंतसेना दिसल्यावर तो तिच्या पायावर डोके ठेवतो आणि ती त्याला लाथ मारते. इथून पुढे जे घडते त्याला एका संतापलेल्या, अपमानित माणसाचा उद्रेक म्हणून माफ करता आले असते, पण शूद्रक तशी सवलत देत नाही. शकार रागाच्या भरात खून करत नाही. तो आधी विटाला तयार करू पाहतो, मग चेटाला, आणि दोघांनी नकार दिल्यावर त्या दोघांना युक्तीने दूर पाठवून स्वतः करतो. म्हणजे लाथ बसण्याच्या आणि गळा आवळण्याच्या मध्ये दोन माणसांनी त्याला दोन वेळा थांबवलेले आहे.

विटाचा नकार आधी. या निरपराध तरुण स्त्रीला, या नगरीच्या भूषणाला मी मारले तर परलोकाची नदी कोणत्या तराफ्याने तरून जाऊ, असे विट विचारतो. शकाराचे उत्तर असे: ‘मी तुला तराफा देईन.’ शिवाय या निर्जन बागेत तुला पाहणार कोण, असेही तो पुढे म्हणतो. त्यावर विट साक्षीदारांची यादीच वाचतो. दहा दिशा, वनदेवता, चंद्र, हा तळपता सूर्य, धर्म, वारा, आकाश, अंतरात्मा आणि पुण्यपापाची साक्षी असलेली ही भूमी, हे सगळे मला पाहत आहेत. शकार म्हणतो, मग तिच्यावर वस्त्र झाक आणि मार.

तराफा आणि वस्त्र या दोन उत्तरांवर आमच्याकडे हशा झाला आणि लगेच विरला. मी तर म्हणेन की सबंध नाटकातला शकार या दोन वाक्यांत आहे. विट ‘अंतरात्मा’ म्हणतो आणि शकार त्याचा अर्थ बाहेरून पाहणारा कोणी असा घेतो, म्हणून कापड टाकले की प्रश्न मिटला. साक्षी आपल्या आतही असू शकतो ही कल्पना त्याला ऐकू जातच नाही. तो ती नाकारतही नाही. जो माणूस सदसद्विवेक नाकारतो त्याच्याशी भांडता येते आणि कधीतरी त्याला वळवताही येते, कारण नाकारण्यासाठी आधी ती गोष्ट दिसावी लागते. शकाराला परलोकाची नदी ही एक ओलांडायची नदी दिसते आणि तिच्यासाठी होडी पुरवणे हा त्याच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न आहे.

चेटाचा नकार याहून मोठा आहे, कारण विट हा निदान सुसंस्कृत, कलावंत मनुष्य आहे. स्थावरक जन्मापासूनचा दास आहे. शकार त्याला सोन्याची कडी देऊ करतो, तो म्हणतो घालीन. सोन्याचे आसन करून देईन, बसेन. माझे सगळे उष्टे तुला, खाईन. सगळ्या नोकरांचा मुख्य करीन, होईन. मग माझे ऐक. अकार्य सोडून सगळे ऐकेन. वसंतसेनेला मार, असे शकार सांगतो आणि तो नाही म्हणतो. मी तुझा धनी नाही का, या प्रश्नाला त्याचे उत्तर छायेत असे आहे: ‘प्रभवति भट्टकः शरीरस्य, न चारित्रस्य.’ धन्याची सत्ता शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही. तू कोणाला भितोस, असे विचारल्यावर चेट म्हणतो, परलोकाला. हा परलोक कोण, असे शकार विचारतो. ‘कोण’ असे विचारतो, ‘काय’ असे नाही, इकडे लक्ष द्यावे. बऱ्यावाईट कर्माचे फळ, असे चेट सांगतो. चांगल्याचे फळ काय? तुमच्यासारखे सोन्याने मढलेले असणे. वाईटाचे? माझ्यासारखे दुसऱ्याच्या घासावर जगणे; म्हणूनच आणखी वाईट मी करणार नाही.

हे उत्तर वाचताना मला दर वेळी थांबावे लागते. ज्या व्यवस्थेने स्थावरकाला दास केले त्या व्यवस्थेचाच हिशेब तो प्रामाणिकपणे मांडतो, शकाराला पुण्यवान ठरवतो आणि तरीही त्याची आज्ञा मोडतो. त्या हिशेबाशी आपण सहमत असण्याची गरज नाही. महत्त्वाचे हे की हातात काहीही नसलेल्या माणसाने एवढे बोलून दाखवले आणि ते ऐकून शकाराने त्याला मारले. विट तिथेच म्हणतो की हा दरिद्री, पिचलेला नोकर परलोकाचे फळ इच्छितो आणि याचा धनी इच्छित नाही. शकाराला सुधारण्याची संधी मिळाली नाही असे कोणी म्हणू शकत नाही. त्याच्यापुढे दोन माणसांनी आपापल्या जिवावर उदार होऊन ती ठेवली.

काळे यांच्या टिपा या प्रसंगात शब्दार्थ, समास आणि संदर्भ यांच्या पुढे फारशा जात नाहीत, आणि मला त्या तशा असल्याचे वाईट वाटत नाही. विद्यार्थ्याला वाक्य लावून देणे एवढेच काम त्यांनी पत्करले आहे आणि ते चोख केले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. शकाराविषयीचे संस्कृत परंपरेतले प्रसिद्ध लक्षण आहे, की त्याचे बोलणे निरर्थक, क्रम सोडलेले, पुनरुक्त, फसलेल्या उपमांचे आणि लोकव्यवहाराच्या विरुद्ध असते. परीक्षेसाठी वाचणाऱ्याच्या मनावर ते इतके ठसते की शकाराचे प्रत्येक वाक्य तो ‘वेडगळ’ या खान्यात टाकून मोकळा होतो. तराफ्याचे वाक्यही तसेच बाजूला पडते. हा दोष एकट्या काळ्यांचा नाही, आपल्याकडे संस्कृत नाटके शिकवण्याच्या सबंध पद्धतीचा आहे, पण ही आवृत्ती त्या पद्धतीसाठीच घडवलेली असल्यामुळे तिच्यात तो जाणवतो. वेडगळ बोलणाऱ्याचे डोके खुनाची योजना करताना मुळीच वेडगळ चालत नाही, हे संहितेत स्पष्ट आहे. विटाला संशय येऊ नये म्हणून शकार फुले वेचू लागतो आणि वसंतसेनेशी गोड बोलू लागतो. विट त्यावर विश्वास ठेवून निघून जातो. मग शकार तिचा गळा आवळतो, आणि ती ‘आर्य चारुदत्ताला नमस्कार’ म्हणत पडते. परत आलेल्या विटाने आपली ठेव, म्हणजे वसंतसेना, परत मागितल्यावर तो खुनाची बढाई मारतो, मग दागिने देऊन विटाला गप्प करू पाहतो, ते जमत नाही असे दिसताच माझ्या बागेत खून करून तू कुठे चाललास असा आळ त्याच्यावरच घेतो, आणि शेवटी देह वाळलेल्या पानांखाली झाकून चारुदत्तावर फिर्याद करायला निघतो. चेटाला तो बेड्या घालून वाड्यात कोंडून ठेवतो. एवढे सगळे करणाऱ्याला मूर्ख म्हणणे हे त्याच्या उपयोगाचे आहे, आपल्या नाही.

पानांखालचा देह मेलेला नसतो, आणि तिला वाचवणारा तोच भिक्षू असतो ज्याला शकाराने सकाळी मारले होते. ओले वस्त्र वाळत घालण्यासाठी तो त्या पानांच्या ढिगापाशी येतो आणि पानांतून हात बाहेर येतो. हा भिक्षू पूर्वीचा संवाहक, म्हणजे अंग रगडणारा, जुगारात सर्वस्व हरलेला मनुष्य, ज्याला वसंतसेनेने दुसऱ्या अंकात कर्जातून सोडवले होते. माणूस बदलू शकतो यावर शूद्रकाचा विश्वास किती होता हे या एका पात्रावरून कळते. दुसरे उदाहरण शर्विलकाचे. तो चोर आहे, चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, वसंतसेनेने तिथे ठेवलेली ठेव पळवतो, आणि तरी त्याची प्रेयसी, वसंतसेनेची दासी मदनिका हिने खडसावल्यावर दागिने परत करायला जातो, पुढे पालकाविरुद्धच्या आर्यकाच्या बंडात सामील होतो आणि शेवटच्या अंकात नवी राजाज्ञा घेऊन येतो. जुगारी सुधारतो, चोर सुधारतो. म्हणून शकाराच्या बाबतीत नाटककाराला माणसाचे बदलणे दाखवता येत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याने ते शकाराला जाणूनबुजून नाकारले आहे, आणि ते का, हे शोधण्यात या वाचनाचा सगळा आनंद होता.

माझे उत्तर नवव्या अंकातल्या एका हालचालीत आहे. शकार न्यायालयात येतो. आज तुझा खटला चालणार नाही म्हटल्यावर तो धमकी देतो की मेहुण्याला, पालक राजाला, सांगून या न्यायाधीशाला काढून दुसरा नेमीन, आणि न्यायाधीश नमतो. मग फिर्याद सांगताना शकाराच्या तोंडून निघते की वसंतसेनेला गळा दाबून मारले, ‘मी नाही’. न विचारलेला हा नकार कायस्थ, म्हणजे न्यायालयाचा लेखनिक, लिहून घेतो. आपण काय बोललो हे शकाराच्या ध्यानात येते, आणि तो ते लिहिलेले पायाने पुसून टाकतो.

भर न्यायालयात, न्यायाधीश, श्रेष्ठी आणि कायस्थ पाहत असताना, पायाने. कोणीही त्याला अडवत नाही. लिहिलेल्या अक्षराला चुकून पाय लागला तर आपण हात कपाळाला लावतो. त्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ही रंगसूचना अंगावर येते. रंगसूचनेचे शब्द अगदी मोजके आहेत आणि भाषांतर वाचताना नजर त्यांच्यावरून सहज पुढे जाते. मी स्वतः विद्यार्थी असताना तशीच गेली होती. या वेळी आमच्यातल्या एकीने वाचन थांबवून विचारले की पुसल्यावर न्यायाधीश काय म्हणतात, आणि आम्ही मागेपुढे पाने चाळून पाहिली. ते त्या पुसण्याबद्दल काही म्हणत नाहीत. चौकशी पुढे सरकते.

शकाराचा मूर्खपणा, वासना आणि क्रौर्य या तिन्ही गोष्टी दुसऱ्या कोणात असत्या तर त्या कुठेतरी अडल्या असत्या, आणि अडल्यावर माणसाला स्वतःकडे पाहावे लागले असते. संवाहकाला जुगाराच्या अड्ड्याच्या मालकाने अडवले, शर्विलकाला मदनिकेने अडवले. शकाराला अडवू शकतील अशी दोन माणसे नाटकात होती. त्यांतल्या एकाला तो पळवून लावतो आणि दुसऱ्याला साखळीत टाकतो. उरलेले सगळे राजाच्या मेहुण्याला घाबरतात. आपल्या कृत्याचा एकही धक्का स्वतःपर्यंत पोहोचू न देण्याची ही जी व्यवस्था त्याने भोवताली उभी केली आहे, तिच्यामुळे तो माझ्या लेखी सुधारणेच्या पलीकडे जातो. एक खून हे त्याचे कारण नाही. तसे पाहिले तर वसंतसेना मेलेलीही नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा त्याच्यापुढे सत्य उभे राहते आणि दर वेळी ते पुसण्यासाठी त्याच्याकडे पाय असतो, किंवा कडे असते. दहाव्या अंकात स्थावरक साखळदंडासह वाड्याच्या खिडकीतून उडी टाकून लोकांना खरे सांगतो, तेव्हा शकार त्याच्या हाती गुपचूप सोन्याचे कडे देतो. स्थावरक ते सगळ्यांना दाखवतो, तर शकार म्हणतो, हेच ते, हेच चोरले म्हणून मी याला बांधून ठेवले होते. पाठीवरचे वळ पुरावा म्हणून हजर असतातच. त्याने स्वतः दिलेली लाच आणि त्याने स्वतः काढलेले वळ दोन्ही त्याच्याच बाजूने साक्ष देतात.

विनोदी पक्षाच्या मंडळींचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही, आणि तो इथे नोंदवणे रास्त होईल. ते म्हणाले की शकार भयंकर असला तरी त्याला दुष्टपणाचा आनंद दुष्टपणा म्हणून होत नाही. त्याला कळतच नाही, मग त्याला अंतिम दोषी कसे ठरवायचे? वधाच्या दवंडीचा आवाज ऐकून तो आपल्या जेवणाचे वर्णन करत येतो, मांस, भाजी, आमटी, मासे, आणि सांगतो की शत्रूला मारताना जो पाहतो त्याला पुढच्या जन्मी डोळ्यांचा रोग होत नाही. हे राक्षसाचे बोलणे की मंदबुद्धीचे? मी बराच विचार केला. डोळ्यांच्या रोगाचे वाक्य खरोखरच एखाद्या बाळबोध माणसाचे वाटते. पण त्याच प्रसंगात तो चांडाळांना सांगतो की याला मुलासकट मारा. रोहसेन हा चारुदत्ताचा लहान मुलगा आहे; सोन्याच्या गाडीसाठी रडणारा आणि मातीच्या गाडीवर समाधान न मानणारा, ज्याच्यासाठी वसंतसेनेने आपले दागिने काढून त्या गाडीत भरले आणि तेच दागिने मैत्रेयाच्या काखेतून न्यायालयात पडून चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा ठरले. शकाराला त्या मुलापासून काहीही धोका नाही. राजाची तशी आज्ञा नाही, असे चांडाळ म्हणतात. ज्याला कळत नाही त्याने जी आज्ञा झाली तेवढ्यावर थांबायला हवे होते. हा पुढे जाऊन मागतो. त्या मागणीपाशी माझ्या मनातला ‘बिचारा’ हा शब्द संपला.

शेवटी आर्यक पालकाला मारून गादीवर येतो, वसंतसेना जिवंत समोर येते, आणि शकाराला मागे हात बांधून आणतात. तो चारुदत्ताच्या पाया पडतो. लोक मारा, मारा म्हणून ओरडतात. शर्विलक पर्याय मोजतो, बांधून फरपटू का, कुत्र्यांना घालू का, सुळावर देऊ का, करवतीने कापू का. वसंतसेना चारुदत्ताच्या गळ्यातली वधमाला काढून शकाराच्या अंगावर फेकते. तेव्हा शकार तिला जे म्हणतो ते आम्ही त्या रविवारी तीनदा वाचले: अगं जन्मदासीच्या पोरी, प्रसन्न हो, पुन्हा नाही मारणार.

त्याला जिवाची भीती आहे, म्हणून विनवणी आहे. पण विनवणीतही शिवी आहे, आणि ती मुद्दाम घातलेली नाही, हे जास्त वाईट आहे. या बाईला हाक मारण्यासाठी त्याच्याकडे दुसरा शब्दच नाही. ‘पुन्हा नाही मारणार’ हे मूल आईला म्हणते तसे आहे, आणि ज्याला आपण मारले ती समोर उभी आहे याचे आश्चर्यसुद्धा त्यात नाही. साहित्यातल्या कोणत्याही खलपुरुषाच्या पश्चात्तापाची यापेक्षा निर्दय नक्कल मी वाचलेली नाही.

चारुदत्त त्याला सोडतो. अपराध केलेला शत्रू शरण येऊन पायावर पडला तर त्याला शस्त्राने मारू नये, उपकाराने मारावे, असे तो म्हणतो. पुढे स्थावरकाला दास्यातून मुक्त करतात, भिक्षूला विहारांचा कुलपती नेमतात, चांडाळांनाही त्यांच्या जमातीचे प्रमुखपद देतात, आणि शकाराचे आधी जसे होते तसेच असू द्यावे, असे चारुदत्त सांगतो. शर्विलकाला तेव्हाही ते पटत नाही. आमच्यापैकी दोघांना ही क्षमा म्हणजे शकार सुधारेल याची ग्वाही वाटली. मला तसे वाटत नाही. चारुदत्ताची क्षमा ही चारुदत्ताच्या स्वभावाचे फळ आहे. तिच्यातून शकाराविषयी काही सिद्ध होत नाही, आणि शूद्रकाने क्षमेनंतर शकाराच्या तोंडी पश्चात्तापाचे एकही वाक्य ठेवलेले नाही. मराठी रसिक हे नाटक बहुधा गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपातून ओळखतो, आणि पदांच्या गोडव्यात हा शेवट सगळ्यांचे भले झाल्यासारखा मनात राहतो. संस्कृत संहिता समोर ठेवून वाचले की शकार आपल्या जुन्या जागी, जुन्या सवयींसह परत गेलेला दिसतो. फक्त मेहुणा गेला आहे.

आवृत्ती म्हणून सांगायचे तर, पुनर्मुद्रणाची जी प्रत माझ्याकडे आहे तिची छपाई जुन्या ठशांवरून घेतल्यामुळे टीकेचा बारीक टाइप काही पानांवर फिका आहे आणि संध्याकाळच्या उजेडात डोळ्यांना त्रास होतो. प्रत विकत घेताना नवव्या अंकाची पाने उघडून पाहावीत. ज्यांचे संस्कृत शाळेपुरते आहे त्यांना छायेच्या आधाराने संवाद नक्की लागतील. श्लोकांसाठी भाषांतराची मदत घ्यावी लागेल, आणि ती इंग्रजीत आहे. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालेल. ज्यांना फक्त शकारासाठी हे पुस्तक हवे आहे त्यांनी पहिला अंक आणि मग थेट सहाव्यापासून दहाव्यापर्यंतचे अंक वाचावेत, आठवा एका बैठकीत, आणि शकाराच्या प्राकृत ओळी छायेकडे वळण्याआधी एकदा मोठ्याने म्हणाव्यात.

आमच्या रविवारच्या बैठकीत आता पुढचे नाटक सुरू झाले आहे. ते निवृत्त शिक्षक अजूनही शकाराला विदूषकाचा बिघडलेला भाऊ मानतात, आणि मी अजूनही त्यांना नवव्या अंकातली ती रंगसूचना दाखवत असतो.